गुंडीची भिंगरी

दुपारी अडीचला लाइन गेली.
आता ती उद्याच, असं वायरमन दसरू
न विचारताच सांगून गेला.
सेंट्रिफ्यूज घरघरत, कण्हत थांबलं.
स्टँडमध्ये सात नळ्या, सातांवर माझं अक्षर,
आणि बाकावर मनीता पोटावी, वय अकरा,
चुलीवरचा गंज धरावा तसा
दोन्ही हातांनी गुडघा धरून.

"मशीन मेली का जी, मॅडम?"
मेली नाही गं. उपाशी आहे.

काल तिला तिचंच रक्त दाखवलं होतं भिंगाखाली.
एक डोळा तळव्यानं झाकून
ती पाहत राहिली, बराच वेळ.
मग म्हणाली, हे त इळे आहेत.
आमच्या पडवीत खोचले रायतेत ना, धान कापाचे, तसे.
कोनं नेऊन ठेवले माह्या आंगात?

उत्तर मला पाठ आहे,
जिल्ह्याच्या प्रशिक्षणात ऐकलेलं, चहा निवत असताना:
लांबच लांब मजकुरात एक अक्षर चुकलंय.
श्वास भरपूर असतो तोवर पेशी गोल, गुणी.
श्वास कमी पडला, तापात, चढावर, पहाटेच्या थंडीत,
की ती वाकते
आणि अरुंद बोळात अडकते, मागच्यांची वाट अडवून.
तोच तुझा गुडघा.

"मंग गुरुजीवानी लाल पेनानं दुरुस्त कराव ना."

मनीता, अलीकडे करतात म्हणे काहीतरी.
गंमत अशी की त्या अक्षराला हातही लावत नाहीत.
हाडाच्या मगजातून पेशी काढतात,
दुसऱ्याच पानावरचं एक कुलूप तोडतात,
आणि आईच्या पोटात होतीस तेव्हाचं तुझं रक्त,
जन्मानंतर निजलेलं,
उठून पुन्हा कामाला लागतं.
तिनं विचारलं, किती पैसे लागतेत?
मी म्हटलं, पाणी पी.
त्या आकड्याची शून्यं मोजताना
मीच दोनदा चुकले होते.

तेवढ्यात तिनं खिशातून काढली
शर्टाची गुंडी, दोऱ्यात ओवलेली.
ओढली, सोडली, ओढली.
भुंग्यासारखा आवाज भरला खोलीत
आणि मला आठवलं, कुठं वाचलं होतं ते:
याच खेळण्याचा वेग मोजून कुणीतरी थक्क झालं होतं,
कागदाच्या चकतीवर रक्त फिरवलं होतं, विजेशिवाय.

मग काय.
सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा,
शिपाई नंदनवारांच्या गरीचा दोरा,
कळकाचे दोन तुकडे,
काचेच्या केसासारख्या नळ्या, तोंड मेणबत्तीनं बंद.
एक नळी तिची.
समोरासमोर दुसरी हवीच, नाहीतर चकती डुगडुगते.
मी माझंच बोट टोचलं.
(माझ्या पर्समध्ये पिवळं कार्ड आहे.
इथं कुणाला ठाऊक नाही.
दोन स्थळं त्याच्यावरून परत गेली.)

ओढ, मनीता. आता सैल. ओढ.
दोरा पिळला, पिळावर पुन्हा पिळला,
गाठीसारखा फुगून आखूड झाला.
पेशीच्या पोटातला तो मजकूरही असाच
स्वतःवर वेटोळं घालून मावतो,
हे मी बोलले नाही. ती मोजत होती,
एक्क्याऐंशी, ब्याऐंशी.

थांबलो तेव्हा वर कुटाराच्या रंगाचं पाणी,
खाली लाल.
तिच्या कंपासपेटीतली पट्टी लावली.
साठात तेरा.
माझे साठात एकवीस.

"तुमी जितल्या," ती म्हणाली,
आणि चकती मागितली, घरी डोलूला दाखवायला.
नळ्या काढून दिली.

नोंदवहीत 'यंत्र क्रमांक' असा रकाना आहे.
पेन धरून बसून राहिले.
बाहेर मोहाच्या झाडापर्यंत ऐकू येत होती भिंगरी,
मध्येच थांबत,
जिथं तिचा पाय थांबत होता.